बॅटरीवर १२.७, रेग्युलेटरवर १४.८: डिचोलीतल्या एका किट विमानाच्या चार्जिंगचं प्रकरण

डिचोली तालुक्यात एका जुन्या टिप्पर गॅरेजच्या शेडमध्ये दोन आसनांचं विमान उभं आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातली ८८ खाण लीजं रद्द केली, १६ मार्चपासून खाणी थांबल्या, आणि या पट्ट्यातली कितीतरी गॅरेजं रिकामी पडली. त्यातलं हे एक. भिंती जांभ्याच्या, वर पत्रे, जमिनीत अजून खनिजाचा लाल धुरळा. जहाजावर इंजिनियर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या एका तारवटीने ते भाड्याने घेतलं आणि किटमधून आलेले पत्रे, नळ्या, रिवेट जोडत विमान उभं केलं. गावात सगळे त्यांना काका म्हणतात, मीही तेच म्हणतो. विमान अजून उडालेलं नाही. त्यासाठीच्या सरकारी परवानगीचं काम वेगळं चालू आहे. इथे लिहितोय ते सगळं जमिनीवर, चाकं अडकवून घेतलेल्या इंजिन चाचण्यांमधलं आहे.

माझं काम वायरिंगचं. आधी टिप्पर, खाणी बंद झाल्यावर मालीम जेटीवरच्या बोटी. विमानाला हात लावण्याची माझी पात्रता काय, असं कुणी विचारलं तर उत्तर इतकंच, की या इंजिनाची चार्जिंगची पद्धत मोटरसायकल आणि आउटबोर्ड इंजिनाच्या जातीची आहे आणि ती माझ्या ओळखीची आहे. बाकीच्या विमानाबद्दल मी तोंड उघडत नाही.

इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस, १०० अश्वशक्तीचं. ट्रकवर पट्ट्याने फिरणारा अल्टरनेटर असतो तसा यावर नाही. इंजिनाच्या मागच्या बाजूला फिरणारे कायमचे चुंबक आणि त्यांच्या आत स्थिर कॉइल. कॉइलमधून दोन पिवळ्या वायर निघतात, त्यांत एसी करंट. त्या रेग्युलेटरच्या दोन ‘जी’ टोकांना जातात. रेग्युलेटर एसीचं डीसी करतो आणि व्होल्टेज साडेतेराच्या आसपास धरून ठेवतो. इंजिन पूर्ण वेगात, म्हणजे ५,८०० फेऱ्यांवर असताना या जनित्राकडून साधारण २५० वॉट मिळतात. घरच्या मिक्सरला याहून जास्त लागतात, तेव्हा उधळपट्टीला जागा नाही.

रेग्युलेटरची दोन टोकं या प्रकरणात महत्त्वाची आहेत. एक ‘सी’. हे त्याचं मोजायचं टोक. इथे जे व्होल्टेज दिसेल तेच सिस्टीमचं व्होल्टेज असं धरून तो कमीजास्त करतो, आणि इथे काहीच आलं नाही तर चार्जिंगच सुरू होत नाही. दुसरं टोक वायरीचं नाहीच: रेग्युलेटरची अ‍ॅल्युमिनियमची बॉडी. त्याची निगेटिव्ह बाजू तीच. बॅटरीत गेलेला सगळा करंट परत येतो तो या बॉडीतून. डब्यावर निगेटिव्हचा वेगळा स्क्रू दिसत नाही, म्हणून बांधणाऱ्याचं तिकडे लक्ष जात नाही.

तक्रार अशी होती. पावसाळ्याआधीच्या चाचण्यांत पॅनेलवर साडेतेरा व्होल्ट दिसायचे. पावसाळ्यात विमान शेडमध्ये झाकून होतं. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत, त्यामुळे झाकून ठेवणं म्हणजे कोरडं ठेवणं नव्हे. दसऱ्यानंतर इंजिन सुरू केलं तर वागणं विचित्र. फक्त स्क्रीन चालू असेल तर १३.३ किंवा १३.४. रेडिओ, ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र), इंधनाचा जादा पंप चालू केला तरी १३.४ च्या वर, म्हणजे उत्तम. पण त्यावर पंखांचे दिवे, स्ट्रोब म्हणजे लुकलुकणारे दिवे, आणि लँडिंग लाइट लावला की थेट १२.७, आणि बॅटरीच्या अँपिअर मीटरचा काटा उणे बाजूला. चार्जिंग चालू असताना बॅटरी रिकामी होत होती.

इंजिन यामुळे बंद पडणार नव्हतं. ९१२ च्या इग्निशनच्या दोन्ही सर्किटना स्वतःच्या वेगळ्या कॉइल आहेत, त्यांना बॅटरी लागत नाही. जाणार ते रेडिओ, ट्रान्सपॉन्डर आणि स्क्रीन. दाबोळी विमानतळ नौदलाचा, उत्तरेला मोपाचा दुसरा विमानतळ, अशा या आकाशात रेडिओशिवाय फिरणं म्हणजे काय हे काकांना सांगायची गरज नव्हती.

मी पोचण्याआधी बरंच होऊन गेलं होतं. रेग्युलेटरला हात लावला तर चटका बसत होता. त्याची बॉडी ८० अंश सेल्सियसच्या वर जाता कामा नये हे काकांना पाठ होतं, म्हणून ‘हाच गेला’ असं ठरलं. नवा मागवला, बसवला. काही दिवस चांगलं चाललं, मग पुन्हा तेच. मग त्याच्यावर हवा यावी म्हणून नळी सोडली. तो थोडा थंड झाला, व्होल्टेज होतं तिथेच राहिलं. आता बॅटरी बदलायचं चाललं होतं.

‘नवा बसवल्यावर काही दिवस चांगलं चाललं’ या वाक्यापाशी मी थांबलो. पार्ट बदलताना माणूस नुसता पार्ट बदलत नाही. त्याचे बोल्ट सोडतो, परत आवळतो, कनेक्टर काढतो, परत दाबतो. दोष पार्टात नसून जोडात असेल तर या उचापतीत तो तात्पुरता सुधारतो आणि श्रेय नव्या पार्टला मिळतं. टिप्परवर डायनामो बदलून ‘ठीक झालेल्या’ किती गाड्या महिन्याभरात परत यायच्या. माझ्या मते गोव्यात जेवढे रेग्युलेटर भंगारात जातात त्यातले बरेच धडधाकट असतात.

काकांचा भाचा फर्मागुडीच्या इंजिनियरिंग कॉलेजात शिकतो. त्याने आणि काकांनी वेगवेगळे मोजलं होतं आणि दोघांचं जुंपलं होतं.

“पॅनेलवर १२.७ दिसतंय. चार्जिंग कमी आहे,” काकांचं म्हणणं.

“मामा, मी रेग्युलेटरवरच मीटर लावून बघितलं. १४.८ येतंय. चार्जिंग जास्त आहे.”

“मग बॅटरी उतरते कशी, सांग.”

काकांना पॅनेलचं मीटर खोटं वाटत नव्हतं आणि भाच्याला स्वतःचं. खरं तर दोन्ही आकडे खरे होते. व्होल्टेज एका जागेचं नसतंच, दोन जागांमधलं असतं. पॅनेलचं मीटर मेन बसबार (सगळ्या लोडना प्लस वाटून देणारी पट्टी) आणि फायरवॉलवरचा, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या पत्र्यावरचा, अर्थिंग ब्लॉक यांच्यातलं दाखवत होतं. भाच्याने लाल टोक रेग्युलेटरच्या प्लसला लावलं, काळं टोक हाताशी आलेल्या सर्वांत जवळच्या धातूला, म्हणजे रेग्युलेटरच्याच बॉडीला. दोन मोजण्यांमध्ये दोन व्होल्टचा फरक. ते दोन व्होल्ट कुठे तरी अडले होते आणि शोधायचं होतं ते एवढंच.

मोजण्याआधी तयारी. विमानाचं इंजिन चालू ठेवून त्याच्या पुढ्यात मीटर धरायचा नसतो. या इंजिनाला २.४३ चं गिअर रिडक्शन आहे, म्हणजे इंजिन ४,००० वर असताना पंखा साधारण १,६५० फेऱ्या मारतो, आणि त्या वेगात तो डोळ्याला दिसत नाही. चाकांना पुढून मागून अडकण लावलं, शेपूट शेडच्या जांभ्याच्या खांबाला दोराने बांधलं. इंजिन बंद असतानाच मीटरच्या लांब वायरी मगरचिमट्यांनी हव्या त्या जागी पकडवल्या, फायरवॉलच्या कडेने बांधून कॉकपिटमध्ये आणल्या, वरून काउलिंग, म्हणजे इंजिनाचं झाकण, लावलं. एक जागा बदलायची तर इंजिन बंद, चावी काढलेली, मग हात. वेळ लागतो. त्याला इलाज नाही.

स्टेटर, म्हणजे ती स्थिर कॉइल, आधी संशयातून बाजूला केला. पिवळ्या वायरी सोडून दोघींमधला रोध पाहिला, एका ओहमपेक्षा बराच कमी. दोन्हीपैकी कुठलीच इंजिनाच्या बॉडीला लागलेली नव्हती. मोकळ्या ठेवून थोडा वेळ इंजिन चालवलं तर एसी व्होल्टेज वेगाबरोबर नीट चढत होतं. कॉइल चांगली.

भाच्याने अर्थिंगही तपासलं होतं. मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक रेग्युलेटरच्या बॉडीला, एक बॅटरीच्या निगेटिव्हला. आलं ०.४. मग दोन्ही टोकं एकमेकांना लावून पाहिली, आलं ०.२ किंवा ०.३. मीटरच्या वायरीच तेवढं खातात, म्हणजे जोड ठीक, असा त्याचा निष्कर्ष. बीप तर खणखणीत वाजत होता. बहुतेक जण इथेच फसतात. ओहमवरचा मीटर सर्किटमधून काही मिलिअँपिअर सोडतो. आपल्या जोडातून चार्जिंगच्या वेळी जायचे असतात दहा-अकरा अँपिअर. एवढ्या करंटला ओहमचे एक-दोन दशांश पुष्कळ झाले, आणि तेच मीटरच्या शेवटच्या आकड्यात बुडून जातात. जोडाची परीक्षा त्यातून खरा करंट जात असतानाच घ्यायची, आणि ओहममध्ये नाही, व्होल्टमध्ये.

इंजिन ४,००० वर, सगळं चालू. डीसी क्लॅम्प मीटरवर रेग्युलेटरमधून ११ अँपिअर निघत होते, बॅटरी वरून दीड अँपिअर घालत होती, मिळून साडेबारा अँपिअरचं लोड. मीटरचं लाल टोक रेग्युलेटरच्या प्लसला, काळं बॅटरीच्या प्लसला. तांब्याच्या एकाच रस्त्याची ही दोन टोकं. आलं ०.१ व्होल्ट. वायर, फ्यूज, लग (वायरीच्या टोकाची बोल्टात अडकवायची कडी) सगळं ठीक.

मग लाल बॅटरीच्या निगेटिव्हला, काळं रेग्युलेटरच्या बॉडीला. हेही कागदावर ‘एकच’ ठिकाण, शून्याच्या जवळपास यायला हवं होतं.

आलं १.९८.

कॉकपिटमध्ये भाचा आकडे लिहून घेत होता. त्याने स्वतःच भागाकार केला: १.९८ ला ११ ने भागून ०.१८ ओहम. आणि गुणाकार केला तर २२ वॉट. बॉडी आणि बॅटरी यांच्यामधल्या कुठल्या तरी जोडात २२ वॉटची उष्णता तयार होत होती, आणि ती ज्या पट्टीत होत होती तिच्यावरच रेग्युलेटर बसलेला. चटक्याचं मोठं कारण हेच. रेग्युलेटर तापत होता, पण बराचसा दुसऱ्याच्या उष्णतेने.

पट्टी काढली. दोन मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, काळ्या पावडर कोटिंगची, दिसायला देखणी. ती स्टेनलेस स्टीलच्या फायरवॉलवर चार बोल्टांनी बसवलेली. रेग्युलेटरच्या बॉडीपासून अर्थिंग ब्लॉकपर्यंत वेगळी वायर नव्हतीच. करंटचा रस्ता असा: बॉडी, मग तिचे बोल्ट, मग पावडर कोटिंगला बोल्टच्या डोक्याखाली पडलेला ओरखडा, पट्टी, पुन्हा ओरखडा, स्टेनलेसचे बोल्ट, आणि शेवटी पत्रा. कोटिंग करंट नेत नाही, नेत होते ते ओरखडे. त्यात अ‍ॅल्युमिनियमला स्टेनलेस लागलेलं, वर पावसाळ्याची खारट दमट हवा. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल आली की अ‍ॅल्युमिनियम आधी जातं. वॉशरखाली पांढरी भुकटी साठली होती. रेग्युलेटर बदलताना काकांनी बोल्ट फिरवले तेव्हा नवे ओरखडे पडले, म्हणून काही दिवस बरं चाललं.

आता एक प्रश्न उरतो. अर्थिंग खराब असताना रेग्युलेटर भरपाई म्हणून व्होल्टेज वाढवत का नाही? कारण तो मोजतो ते ‘सी’ आणि स्वतःची बॉडी यांच्यामधलं. बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हपेक्षा दोन व्होल्टने खाली गेली की त्याला ‘सी’ दोन व्होल्टने उंच दिसतो. पुरेसं झालं असं समजून तो हात आखडता घेतो. जितका करंट जास्त तितकी बॉडी खाली, तितकं चार्जिंग कमी. लोड वाढताच व्होल्टेज पडायचं त्याचं कारण हे.

दुरुस्ती साधी. पट्टीवर बोल्टांच्या जागी कोटिंग पॉलिश पेपरने खरवडून चकचकीत धातू काढला. पण त्या जोडावर करंटसाठी विसंबायचंच नाही असं ठरवलं. रेग्युलेटरच्या बसवायच्या बोल्टवरच टिन केलेल्या तांब्याचा लग, दातेरी वॉशरसह, आणि तिथून सहा चौरस मिलिमीटरची वायर थेट अर्थिंग ब्लॉकला. बोटींवर मी टिन न केलेली तांब्याची वायर वापरत नाही. खारी हवा इन्सुलेशनच्या आत शिरून तांबं काळं करते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. डिचोली समुद्रापासून आत आहे, तरी विमान काही कायम डिचोलीत राहणार नाही.

काकांनी जोडांवर ग्रीस लावलं, बोल्ट आवळले, इंजिन सुरू केलं. सगळं लोड चालू, ४,००० फेऱ्या. बॉडी ते बॅटरी निगेटिव्ह आता ०.०३ व्होल्ट.

आणि बॅटरीवर १४.७.

काकांनी लगेच थ्रॉटल खाली घेतला. भाचा म्हणाला, “नवा रेग्युलेटरपण बिघडला की काय?” अशा वेळी हा विचार मनात येणं स्वाभाविक आहे आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. दुरुस्तीनंतर दुसऱ्या बाजूने आकडा बिघडला, तर दुरुस्तीने काही बिघडवलंय की आधीपासूनचं काही उघडं पडलंय, हे आधी ठरवायचं.

आधीच्या मोजणीत एक आकडा लिहून ठेवलेला होता: ‘सी’ ते बॉडी. तेव्हा १३.६, आत्ताही १३.६. रेग्युलेटर आपलं काम चोख करत होता, तेव्हाही आणि आताही. म्हणजे बॅटरीवर १४.७ असताना ‘सी’ वर १३.६ च पोचत होते. मधले १.१ व्होल्ट वाटेत गळत होते.

‘सी’ ची वायर कुठून घेतली आहे हे काकांनी आराखड्यात दाखवलं. इन्स्ट्रुमेंट स्विचच्या पुढून. त्याच स्विचमधून स्क्रीन, रेडिओ, ट्रान्सपॉन्डर, पंप, सगळ्यांचा करंट जातो, साडेपाच अँपिअरपर्यंत. एक वायर वाचली, आराखडा सुटसुटीत दिसला. पण ‘सी’ ला स्वतःला करंट जवळपास लागतच नाही, त्याला फक्त बघायचं असतं. आणि आता तो बॅटरी बघत नव्हता, पंप आणि रेडिओने अर्धवट खाल्लेलं व्होल्टेज बघत होता. ताणून लांब झालेल्या टेपने मोजणारा दुकानदार दर वेळी कापड जास्त देतो, तसा हा प्रत्येक लोडला जास्त देत होता.

टप्प्याटप्प्याने मोजलं. बॅटरी ते मेन बसबार, नगण्य. बसबार ते स्विचचं एक टोक, ०.०५. स्विचच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, म्हणजे फक्त आतल्या संपर्कातून, ०.७५. पुढे फ्यूज होल्डरच्या क्रिंपमध्ये, म्हणजे वायरीवर दाबून बसवलेल्या जोडात, ०.३. टॉगल स्विच गाड्यांच्या सामानाच्या दुकानातला होता, त्यावर २० अँपिअर छापलेलं. साडेपाच अँपिअरला पाऊण व्होल्ट म्हणजे स्विचमध्ये चार वॉटची शेगडी. बोट लावलं तर कोमट नाही, गरम. छापलेल्या अँपिअरवर माझा विश्वास नाही. माझा विश्वास लोडखाली त्याच्या दोन टोकांवर मीटर लावून येणाऱ्या आकड्यावर. क्रिंप साध्या पक्कडने दाबलेला होता. वायर ओढली तर हातात आली.

आता पावसाळ्यानंतरचं ते चमत्कारिक वागणं सगळं जुळलं. दोन दोष होते आणि ते उलट दिशेने ओढत होते. खराब अर्थिंग बॅटरीचं व्होल्टेज खाली नेत होतं, खराब स्विच वर. फक्त स्क्रीन चालू असताना दोन्हीतून करंट थोडा: स्विचने ०.२ वर नेलं, अर्थिंगने ०.४५ खाली, निव्वळ १३.३५. इन्स्ट्रुमेंटची सगळी शाखा चालू केली की स्विचने १.१ वर नेलं आणि सात अँपिअरला अर्थिंगने सव्वा व्होल्ट खाली, निव्वळ साडेतेराच्या जवळ. काकांना याच स्थितीत सगळं ‘उत्तम’ दिसायचं, आणि याच स्थितीत दोन्ही दोष भरपूर जोरात काम करत होते. पंखांचे दिवे आणि लँडिंग लाइट मात्र मेन बसबारवरून थेट घेतलेले. त्यांचा करंट इन्स्ट्रुमेंट स्विचमधून जात नाही, पण रेग्युलेटरच्या बॉडीतून परत येतोच. म्हणून ते लावले की अर्थिंगचा दोष वाढायचा, स्विचचा तेवढाच राहायचा, आणि तराजू कलायचा. लँडिंग लाइटमध्ये बिचाऱ्यात काहीच खोट नव्हती.

पावसाळ्याआधी साडेतेरा दिसत होतं म्हणजे तेव्हा सगळं ठीक होतं, असंही यावरून म्हणता येत नाही. क्रिंप पहिल्या दिवसापासून तसाच असणार. काकांना हे फारसं आवडलं नाही. पण त्यांनी वहीतले जुने आकडे काढले तेव्हा लोड कुठलं चालू होतं हे एकाही नोंदीत लिहिलेलं नव्हतं. आता वहीत व्होल्टच्या शेजारी अँपिअर, इंजिनाचा वेग आणि काय काय चालू होतं याचा रकाना आहे. भाच्याने आखून दिला.

‘सी’ साठी मेन बसबारवरून स्वतंत्र वायर काढली, स्वतःच्या छोट्या फ्यूजमधून, वाटेत दुसरं काहीही न जोडता. मेन स्विच बंद केला की ती मरते, म्हणजे उभ्या विमानात बॅटरीवर भार राहत नाही. यात आणखी एक गोष्ट सुटली. कॉकपिटमध्ये जळका वास आला तर इन्स्ट्रुमेंट स्विच बंद करायचा, असं काकांच्या आपत्कालीन यादीत होतं. जुन्या वायरिंगमध्ये त्या क्षणी ‘सी’ मेला असता आणि चार्जिंगही थांबलं असतं. यादी लिहिताना कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण यादी आणि वायरिंगचा आराखडा वेगवेगळ्या दिवशी केलेले. टॉगल स्विच बदलला, क्रिंप रॅचेटच्या हत्याराने नव्याने केले, आणि प्रत्येक क्रिंप ओढून पाहिला.

पुन्हा चाचणी. फक्त स्क्रीन: १३.६. इन्स्ट्रुमेंट शाखा पूर्ण: १३.६. सगळं चालू, रेग्युलेटरमधून साडेतेरा अँपिअर: १३.५ आणि १३.६ च्या मध्ये. बॅटरीत एक अँपिअर आत जात होता. रेग्युलेटरला हात लावून ठेवता येत होता. हवेची नळी मी काढू दिली नाही, असू दे म्हटलं. इंजिनाच्या बाजूला, काउलिंगच्या आत, गोव्याच्या मे महिन्यात तिचा उपयोगच होईल.

बॅटरीबद्दल. तिला थोड्याच वेळापुरते १४.७ मिळाले होते, तेवढ्याने काही बिघडत नाही. पण तेच कायम राहिलं असतं तर बंद लेड अ‍ॅसिड बॅटरी उन्हाळ्यात वाळली असती. या बॅटऱ्यांचं चार्जिंग व्होल्टेज २५ अंशांच्या वर दर अंशाला बारा व्होल्टच्या बॅटरीमागे दोन-अडीच शतांश व्होल्टने कमी लागतं. ४० अंशांत जवळपास तीन-चार दशांश कमी. थंड देशात लिहिलेला आकडा इथे वरच्या बाजूचा ठरतो. जुना रेग्युलेटर तपासून, वर्तमानपत्रात गुंडाळून, सुट्या भागांच्या खोक्यात ठेवला. तो चांगला आहे, आणि तसं खोक्यावर लिहिलंही आहे, नाहीतर पुढच्या वेळी कुणीतरी ‘जुना, खराब’ म्हणून फेकून देईल.

काम करताना एक गोष्ट आढळली जी तक्रारीत नव्हती. रेग्युलेटरच्या प्लसला लावायचा २२,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवलेला होता, पण त्याची निगेटिव्ह वायर त्याच पावडर कोटिंगच्या पट्टीवर. चालत्या इंजिनात बॅटरी तुटली तर व्होल्टेजच्या उसळ्या झेलायचं काम त्याचं. तो खराब अर्थिंगवर लटकत असेल तर असून नसल्यासारखा. तोही नव्या लगवर घेतला. चालत्या इंजिनात बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग बघायची’ गॅरेजमधली जुनी खोड इथे कुणी करू नये, म्हणून कॉकपिटच्या बाजूला एक कागदही चिकटवला.

शेवटी मंद वेगाची चाचणी. १,८०० फेऱ्यांवर सगळे दिवे लावले तर बॅटरीवर साडेबाराच्या आसपास आणि मीटर उणे पाच. काका माझ्याकडे बघायला लागले. पण बॉडी ते निगेटिव्ह ०.०१, प्लसच्या वायरीत ०.०५, ‘सी’ वर बसबारइतकंच. कुठेच काही अडत नव्हतं. त्या वेगात जनित्राकडे एवढं देण्यासारखं नाही. टॅक्सी करताना लँडिंग लाइट बंद ठेवायचा आणि धावपट्टीवर उभं राहिल्यावर लावायचा, असं यादीत लिहून घेतलं. स्क्रीनवरचा कमी व्होल्टचा इशारा १२.८ वर ठेवला, जास्त व्होल्टचा १४.४ वर. मंद वेगात तो पहिला इशारा वाजतो. काकांना त्याचा त्रास होतो, तरी त्यांनी तो तिथेच ठेवला आहे.